उडवी, उंदीर आणि शरद ऋतू

ऋतूंचा चार चौकोनी तक्ता महाराष्ट्रातल्या कितीतरी बालवाड्यांच्या भिंतींवर आजही टांगलेला दिसतो. त्यातल्या तिसऱ्या चौकोनात नारिंगी-तांबडी पानं गळत असतात, खार फळं पळवत असते आणि गळ्यात मफलर गुंडाळलेलं एक गोरं पोर हसत असतं. खिडकीबाहेर त्याच महिन्यात भात पिवळं पडू लागलेलं असतं आणि मफलरचं नाव काढलं तरी घाम फुटावा असं ऊन असतं. सह्याद्रीतला साग पानं टाकतो ती माघ-फाल्गुनात. पळसही त्याच सुमारास निष्पर्ण होतो आणि मग पेटल्यासारखा फुलतो. तक्त्यातली पानगळ आपल्याकडच्या पानगळीच्या चार महिने आधीच होऊन जाते, आणि पोरं ती पाठ करतात.

यात परदेशी चित्रपुस्तकांना नावं ठेवण्याचं कारण नाही. त्यांनी आपापल्या मुलखाचा शरद जीव ओतून रंगवला आहे. इंग्लंडच्या जिल बार्कलेम यांची ‘ब्रॅम्ब्ली हेज’ ही उंदरांच्या वस्तीची चित्रमाला १९८० साली चार ऋतूंच्या चार छोट्या पुस्तकांनी सुरू झाली. त्यातल्या शरदाच्या पुस्तकात पानगळीपेक्षा बेगमीची लगबग अधिक आहे. हिवाळ्यापूर्वी सगळे उंदीर कोठार भरायला बाहेर पडतात आणि त्या गडबडीत एक चिमुरडी हरवते. जर्मनीच्या रोट्राउट सुझान बेर्नर यांनी तर एकाच गावाचे चार ऋतू चार पुस्तकांत काढले. शरदाचं पुस्तक २००५ चं. आत गोष्टीचा मजकूर नाही. तीच गल्ली, तीच माणसं, पान उलटलं की थोडी पुढे सरकलेली. मूल बोट ठेवून स्वतःच गोष्ट सांगतं. हे दोन्ही चित्रकार ऋतू दाखवतात तो माणसांच्या, नाहीतर उंदरांच्या, कामातून. झाडाचं पान त्यांना फार तर निमित्तापुरतं लागतं.

हीच कसोटी घेऊन जव्हार-मोखाड्याच्या पठारावर गेलं तर चित्रकाराला विषय पुरवून उरतील. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० फुटांवर आहे. त्याच तालुक्यातलं साखरशेत आणि आजूबाजूचे पाडे म्हणजे उतारांचा मुलूख. सखल खाचरात भात, वरच्या वरकस जमिनीवर नागली आणि वरई, कडेला उडीद, तूर. पाऊस ओसरला की माळावर खुरासणी फुलते आणि उतारच्या उतार पिवळे होतात. हळवं भात दसऱ्याच्या आगेमागे कापणीला येतं, गरवं दिवाळीनंतरही उभं असतं. अंगणाशेजारी जमीन चोपून, शेणाने सारवून खळं तयार होतं. कापलेल्या भाताचे भारे डोक्यावरून येतात आणि त्यांची गोल उडवी रचली जाते. नवं धान्य आधी कणसरीला, मग ताटात. कणसरी ही वारल्यांची धान्यदेवता.

दिवाळी इथे वाघबारशीने सुरू होते. आश्विन वद्य द्वादशीला शहरात गाय-वासराची पूजा होते, इथे वाघदेवाची. वर्षभर रानात गुरं राखणाऱ्या पोरांचा हा खास दिवस. ती घरोघर शिधा मागतात आणि वाघदेवाजवळच रांधून जेवतात. वाघाने गुराढोरांना हात लावू नये एवढंच मागणं. मोठी माणसं कडेला आणि पोरं मध्यभागी, असा सण बालसाहित्याला आयता कुठे मिळतो? घरात करांदे, कोनफळं उकडलेली असतात, चवळीच्या शेंगा असतात. जून तवसाचा कीस तांदळाच्या पिठात मिसळून पानावर थापलेल्या भाकरीचा वास चुलीवरून येत असतो. मग रात्री तारपा. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि मेण यांतून हे वाद्य उभं राहतं. वाजवणारा मध्ये, नाचणारे हात गुंफून त्याच्याभोवती वेटोळं घालत फिरणारे. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रांना हे वाद्य नव्याने समजावून सांगावं लागलं. पाड्यावरच्या चार वर्षांच्या पोराला ते समजावून सांगावं लागत नाही.

आणि गंमत अशी, की या ऋतूचं चित्रपुस्तक इथे पूर्वीपासून आहे, फक्त ते भिंतीवर आहे. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नातला पालघट देवीचा चौक हा वारली कलेचा गाभा आणि तो सवाशिणींचा मान. पण चौकाबाहेर जी दुनिया पसरते तिच्यात कापणी, झोडणी, तारप्याचं वेटोळं सगळं येतं. एखादी उडवी जवळून पाहावी. काडी काडी वेगळी काढलेली, हजारो बारीक रेघांचा एक डोंगर. त्याच्या पायथ्याशी ठिपक्याएवढे उंदीर धान्य पळवत असतात. कुणी त्यांना हाकलत नाही. बार्कलेमबाईंचे उंदीर कपडे घालून मेजवान्या झोडतात, हे उघडे आहेत, एवढाच फरक. बेगमीची धांदल दोन्हीकडे सारखीच, आणि चित्रात उंदीर शोधायचा मुलांचा खेळही सारखाच.

ही भिंत कागदावर आली ती १९७० च्या दशकात. चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हाती कागद आला. एरवी बायकांची असलेली कला एका पुरुषाने घेतली आणि तिच्यातून स्वतःची गोष्ट सांगायला सुरुवात केली. १९७६ साली मशेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या ‘मॅजिसियां द ला तेर’ प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. दरम्यान वारली आकृत्या चहाच्या कपांवर, पडद्यांवर, विमानतळांच्या भिंतींवर जाऊन बसल्या. तिथे नाचणारी माणसं उरली. उडवी आणि उंदीर गळाले, कारण सजावटीला काम नको असतं.

पुस्तकांनी मात्र अधूनमधून न्याय दिला आहे. चेन्नईच्या तारा बुक्सचं ‘डू!’ हे गीता वुल्फ यांचं पुस्तक वारली चित्रकारांनीच चितारलेलं. पानापानावर एकेक क्रियापद आणि ती क्रिया करणारी गावातली माणसं. चेन्नईच्याच तूलिकाने ‘डान्सिंग ऑन वॉल्स’मध्ये भिंतीवरच्या आकृत्यांनाच गोष्टीतली पात्रं केलं. दोन्ही पुस्तकं देखणी आहेत. पण पालघर जिल्ह्याची ही चित्रं पुस्तकरूपात यायला चेन्नईला जावं लागलं, हे मराठी प्रकाशकांनी जरा मनाला लावून घ्यायला हवं.

मराठीत चित्रपुस्तकांची उपासमार आहे असंही नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक सुरू झालं तेच १९७१ च्या नोव्हेंबरात. ज्योत्स्ना प्रकाशनाने चित्रांना मजकुराइतका मान दिला, आणि माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’पासून ‘चित्रवाचन’पर्यंत दाखवून दिलं की मराठी मुलाचं रोजचं जगणं पुस्तकात जसंच्या तसं, गोडगोड न करता येऊ शकतं. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ पासून मोठ्यांना महिने पाहायला शिकवतं आहे. कमी आहे ती या दोन वाटा एकत्र येण्याची. आपल्या बालपुस्तकांत पावसाळा रग्गड, होड्या आणि छत्र्यांसह. दिवाळी म्हटली की किल्ला, फराळ, फुलबाजी. दोन्हींच्या मधला, शेतात कोयता चालतो तो महिना पुस्तकातून निसटतो. शहरी लेखकाच्या घरात तो महिना येतच नाही.

वास्तविक याच पालघर जिल्ह्याने मराठी बालशिक्षणाला दिशा दिली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते रुजवलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावं, गुरांमागे कुरणात जावं, हे त्यांचं सूत्र. खेळणी विकत आणायची नाहीत. बिया, पानं, शिंपले, माती हेच साहित्य. आज वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था आदिवासी मुलांच्या वाचन-लेखनावर काम करते, आणि तिच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात तरुण नट शाळाशाळांतून पुस्तकातल्या गोष्टी सादर करतात. चित्र आहे, वाचक आहे, शिकवणारे हातही आहेत.

मग अशा पुस्तकाचं शेवटचं पान कोणतं असेल? इथे गोड शेवटाचा मोह आवरायला हवा. जव्हार-मोखाड्यात पाऊस मुबलक पडतो, पण उतारांवरून वाहून जातो. शेती बहुतांशी एका पिकाची. भात-नागली घरात आली, दिवाळी झाली, की पाडे रिकामे होऊ लागतात. माणसं वसई, भिवंडी, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. टेम्पोत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं. बरीचशी होळीला परततात, काही थेट पावसाच्या तोंडावर. शाळेच्या पटावरचं नाव तिथेच राहतं, मूल भट्टीवर. ब्रॅम्ब्ली हेजचे उंदीर कोठार भरून घरात बसतात. साखरशेताच्या आसपासच्या कितीतरी घरांत कोठार भरतं न भरतं तोच निघावं लागतं. पानगळीचं चित्र इथल्या शरदाला लागू नाही, पण हे निघणं लागू आहे, आणि लहान मुलांच्या पुस्तकातही ते येऊ शकतं. रडकं न करता, टेम्पोच्या फळीवर बसलेल्या पोराच्या नजरेतून.

तेव्हा मराठी प्रकाशकांना एक विनंती. असं पुस्तक कराच. चित्रं पाड्यावरच्या चित्रकारांकडूनच काढून घ्या. नमुन्यादाखल चार आकृत्या उचलून मुंबईत बसून नका करू. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर लेखकाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा आणि मानधन एकरकमी न देता प्रतीमागे द्या. मजकूर वारलीत आणि इथल्या आदिवासी कोकणीतही असू द्या, मराठी शेजारी राहील. आणि पहिल्या प्रती पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत मांडण्याआधी जव्हार-मोखाड्याच्या शाळांत पोचवा, तेही वाघबारशीच्या आत. त्यानंतर वाचणारं पोर तिथे सापडेलच असं नाही.