दीड किलो म्हणजे किती?

मुलांनो, महाराष्ट्रातल्या गावच्या शाळेत दिवसाची सुरुवात परिपाठाने होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना झाली, की मुलं वर्गात जातात.

समजा, आज गणिताच्या तासाला वजनं शिकायची आहेत. बाई फळ्यावर लिहितात:

पाव किलो = २५० ग्रॅम
अर्धा किलो = ५०० ग्रॅम
पाऊण किलो = ७५० ग्रॅम
सव्वा किलो = १२५० ग्रॅम
दीड किलो = १५०० ग्रॅम
अडीच किलो = २५०० ग्रॅम

इथे एक गंमत आहे. आपण साडेतीन, साडेचार म्हणतो. पण साडेएक, साडेदोन म्हणत नाही. त्यांच्यासाठी दीड आणि अडीच हे खास शब्द आहेत.

पण नुसतं पाठ करून भागत नाही. म्हणून बाई कधी कधी मुलांना आठवडी बाजारात नेतात. अशा भेटीला ‘क्षेत्रभेट’ म्हणतात. भाजीवाल्या मावशी सांगतात, “कांदे ३० रुपये किलो.” मग दीड किलोचे किती? ४५ रुपये! दीड म्हणजे दोन असं कुणाला वाटलं, तर तो ६० रुपये देऊन बसेल.

आता तुमची पाळी. अडीच किलो कांद्यांचे किती रुपये होतील? उत्तर घरी मराठीतच सांगा बरं का!