श्रद्धेचे रहस्य (लेखांक पाचवा) : आधी संस्कार, मग उलगडा

नव्या करारातील ‘मिस्टेरिऑन’ या ग्रीक शब्दासाठी मराठीत ‘रहस्य’ हा शब्द रूढ झाला असला, तरी संत पौलाच्या पत्रांत त्याचा अर्थ उकलायचे कोडे असा नसून, युगानुयुगे झाकलेला आणि ख्रिस्ताच्या ठायी प्रकट झालेला देवाचा संकल्प असा आहे. लॅटिन भाषांतरकारांनी या शब्दासाठी अनेक ठिकाणी ‘साक्रामेंतुम’ हा शब्द वापरला, जो मुळात रोमन सैनिकाच्या शपथेचा वाचक होता आणि ज्यातून पुढे चर्चच्या संस्कारांचे नाव सिद्ध झाले. रहस्य आणि संस्कार यांचे नाते असे शब्दातच रुजलेले असल्यामुळे, ख्रिस्ती परंपरेत देवाच्या गूढतेशी सामान्य माणसाची गाठ प्रथम ग्रंथात पडत नाही, तर पाणी, तेल आणि भाकर यांच्यापाशी पडते.

चौथ्या शतकातील जेरुसलेममध्ये हे विशेष ठळकपणे दिसते. इ. स. ३८१ ते ३८४ च्या सुमारास तेथे राहिलेल्या एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने लिहून ठेवल्याप्रमाणे, दीक्षार्थींना उपवासकाळात धर्मग्रंथ आणि श्रद्धासूत्र यांचे शिक्षण रोज मिळत असे. बाप्तिस्म्याचा गाभा मात्र त्यांना आधी सांगितला जात नसे. ईस्टरच्या रात्री ते पाण्यात उतरत, प्रभुभोजनात सहभागी होत, आणि त्यानंतरच्या आठवड्यात, ख्रिस्ताच्या कबरीवर उभारलेल्या पुनरुत्थान मंदिराची दारे लावून घेऊन, बिशप त्यांना घडलेल्या गोष्टींचा अर्थ उलगडून सांगत. बिशप ग्रीकमध्ये बोलत आणि ज्यांना ती भाषा येत नसे त्यांच्यासाठी सिरियाक व लॅटिनमध्ये भाषांतर होई; ऐकणाऱ्यांचा आनंदाचा गजर तर बाहेरपर्यंत ऐकू येई, अशी तिची नोंद आहे. या शिकवणीला ‘मिस्टागोगी’, म्हणजे रहस्यात हात धरून नेणे, असे म्हणतात. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनीही हाच क्रम पाळला आणि त्यामागचे कारण स्पष्ट केले : ज्यांनी अजून दीक्षा घेतलेली नाही त्यांना अर्थ सांगणे म्हणजे रहस्य उघडे पाडणे होय, शिवाय अनपेक्षितपणे आलेला प्रकाश मनात अधिक खोल उतरतो. समजल्याशिवाय स्वीकारू नये, या आजच्या आग्रहापुढे हा क्रम उलटा वाटेल; परंतु आईची भाषा मूल ज्या क्रमाने शिकते, तो याहून वेगळा नाही.

अर्थ सांगितला म्हणून रहस्य सरत नाही, हेही त्या शिक्षकांना ठाऊक होते. अँब्रोज यांच्याच हातून बाप्तिस्मा घेतलेल्या संत ऑगस्टिन यांनी एका प्रवचनात बजावले आहे की, जे पूर्णपणे आकलनात सामावले, ते देव नव्हेच.

रोमन मिस्साविधीत याच शब्दाने विसाव्या शतकात आपली जागा बदलली. ‘मिस्टेरियुम फिदेई’, अर्थात ‘श्रद्धेचे रहस्य’, हे शब्द अनेक शतके प्याल्यावर उच्चारल्या जाणाऱ्या अभिषेक-वचनाच्या आत होते आणि धर्मगुरू ते लॅटिनमध्ये हलक्या आवाजात म्हणत. पोप पॉल सहावे यांनी १९६९ मध्ये सुधारित मिस्साग्रंथाला मान्यता देताना ते त्या वचनातून बाहेर काढले. आता धर्मगुरू ते मोठ्याने उच्चारतात आणि जमलेले सर्व भाविक ख्रिस्ताचा मृत्यू, पुनरुत्थान आणि पुनरागमन यांची घोषणा करून त्यांना प्रतिसाद देतात. हा बदल काहींना केवळ मांडणीचा वाटतो, परंतु तो त्याहून मोठा आहे. ज्या क्षणी स्पष्टीकरण अपेक्षित असावे, नेमक्या त्या क्षणी उपासना स्पष्टीकरण देत नाही. रहस्याचे नाव घेते आणि उत्तर लोकांच्या ओठांवर सोपवते.

चर्चच्या बाहेर, घरात, हेच काम रोझरीची माळ करते. वसईत किंवा गोव्यात संध्याकाळी कुटुंब ती म्हणते, तेव्हा एका फेरीत पाच रहस्ये येतात आणि प्रत्येक रहस्यासोबत मरियेची प्रार्थना दहा वेळा होते. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची रहस्ये जुनी आहेत, तर प्रकाशाची पाच रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. ओठांवर तेच शब्द पुन्हा पुन्हा येत असताना मन गव्हाणीपाशी किंवा क्रुसापाशी थांबलेले असते. तेथे कोणी काही समजावून देत नाही, बोटे फक्त पुढच्या मण्यावर सरकतात.