मगरिबनंतरचा तवा

रमजानच्या दुपारी स्वयंपाकघरातली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे मीठ. भजी असोत, चण्याची उसळ असो की खिचडा, सगळं रोज्यातच शिजतं आणि शिजवणारीला चाखता येत नाही. गरजेपोटी जिभेच्या टोकाला थेंब लावून थुंकून टाकायची मुभा हनफी फिकहमध्ये आहे, पण बऱ्याच जणी तीही घेत नाहीत. चिमटीचा अंदाज आणि वास, एवढ्यावर इफ्तार पार पडतं.

जळगावच्या मेहरुण भागातल्या एका घरात मात्र यंदा असा एक पदार्थ होऊ लागला आहे, जो रोजा सुटल्यावरच तव्यावर चढतो. सुरुवात कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने केली. मोबाइलवर त्याने स्टेक पाहिला. जाडजूड तुकडा, धूर सोडणारा तवा आणि शेवटी त्याच तव्यात क्रीम ओतून केलेला दाट सॉस. ‘अम्मी, आज हे मी करणार,’ त्याने जाहीर केलं. अम्मीने एवढंच विचारलं, ‘गोश्त कोणतं आणणार?’

प्रश्न रास्त होता. स्टेक हा मुळात गोमांसाचा पदार्थ. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी आली आणि मार्च 2015 पासून ती बैल व वळूंनाही लागू झाली. त्यामुळे घरात आलं ते नेहमीचंच, बोकडाचं मटण.

पहिला प्रयोग फसला. दोन बोटं जाड तुकडा बाहेरून करपला आणि आतून रबरासारखा राहिला. क्रीम ओतताच फुटलं, तेल वेगळं आणि चोथा वेगळा. यात त्याचा दोष निम्माच होता. परदेशी कृतींमधलं क्रीम 35 टक्क्यांहून अधिक स्निग्धांशाचं असतं, आपल्याकडच्या खोक्यातलं साधारण 25 टक्क्यांचं. पातळ क्रीम उकळीला लवकर फुटतं, त्यात लिंबू पिळलं की विचारायलाच नको.

मग धुळ्याच्या खालाला फोन गेला. सगळं ऐकून ती हसली. ‘अरे बेटा, तू पसंदे करायला निघालास आणि तुला ठाऊकच नाही!’

पसंदे म्हणजे मांसाचे पातळ, ठोकून पसरवलेले काप. ‘पसंद’ या शब्दावरून हे नाव आल्याचं सांगतात. पसंतीच्या, निवडक मांसाचा पदार्थ. उत्तरेकडे दही-बदामाच्या दाट रश्श्यात तो शिजवतात. खालाची रीत त्याहून सुटसुटीत, तव्यावरची. मांस मागच्या मांडीचं, म्हणजे रानचं. खाटकाला ‘पसंद्यासाठी’ एवढं सांगितलं की तो धाग्याच्या आडवे काप काढून देतो. आडवा काप महत्त्वाचा. धागे आखूड झाले की दाताला कमी काम उरतं. मग बत्त्याने हलक्या हाताने ठोकायचं. अर्धा किलोला एक चमचा कच्च्या पपईचं वाटण पाऊण तास लावून ठेवायचं. शिरपूर-शहाद्याच्या पट्ट्यात पपईला काय तोटा! पण हात आखडता हवा. पपईतलं पपेन मांसाचे धागे तोडतं, जास्त वेळ राहिलं तर पसंद्याचा लगदा होतो.

ही सगळी तयारी असरच्या नमाजपर्यंत आटोपते. मगरिबची अजान झाली, खजूर आणि पाण्याने रोजा सुटला, नमाज झाली, की बिडाचा तवा गॅसवर. काप फडक्याने कोरडे टिपून, मीठ-मिरपूड लावून, कडक तापलेल्या तेलात सुटे सुटे ठेवायचे. गर्दी केली की पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. दोन मिनिटं हात लावायचा नाही. खालची बाजू तांबूस झाली की काप आपणहून तवा सोडतो. दुसरी बाजू तशीच, मग ताटलीत काढून झाकण.

‘आता तव्यात काय उरलं?’ खालाने फोनवर विचारलं. ‘जळकं चिकटलेलं. मी ते काल धुऊन टाकलं,’ मुलगा म्हणाला. पलीकडे क्षणभर शांतता.

ते जळकं नव्हतं. मराठीत खरवड, उर्दूत खुरचन. मांसाचा रस तव्याला चिकटून तांबूस झालेला, सगळी चव तिथेच. स्टेकवाले आचारीही सॉस तिथूनच सुरू करतात. खालाची रीत अशी : आंच मंद करून चमचाभर तूप, बारीक कांदा, ठेचलेला लसूण. कांदा मऊ झाला की हाडांची अर्धी वाटी यखनी ओतायची आणि लाकडी उलथण्याने तळ खरवडायचा. परदेशात इथे वाइन ओततात. खुरचन सोडवायचं काम यखनीही चोख करते. रस निम्मा आटला की म्हशीच्या दुधाची घोटलेली साय, तीही मंद आंचेवरच. मग पसंदे पुन्हा तव्यात, पाच-सात मिनिटं झाकून. बोकडाचं मांस इथे कुणी गुलाबी खात नाही. तो लाल रस रक्ताचा नसून मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा असतो, हे सांगूनही अम्मीला पटलं नाही आणि पटवायची गरजही नाही. काळा मसाला मात्र घालायचा नाही, अशी खालाची ताकीद होती. घातला की त्याचा खानदेशी रस्सा होतो, तोही चांगलाच, पण तो वेगळा. सोबत पाव नाही, कळण्याची भाकरी.

शेजारच्या काकूंकडे मांस चालत नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या तव्यावर बामणोदच्या भरिताच्या वांग्याचे जाड काप, तशीच सायीची चटणी, यखनीऐवजी गरम पाणी. डबा परत आला तेव्हा त्यात केळ्याचे वेफर्स होते.

या पदार्थाला एक अडचण आहे. तो गरमच खावा लागतो, म्हणून कुणीतरी इफ्तार अर्धवट टाकून गॅसपाशी उभं राहायलाच हवं. बहुतेक घरांत ते कुणीतरी ठरलेलं असतं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2018 आणि 2019 मध्ये तो मे महिन्यात होता. जळगावच्या त्या उन्हाळ्यात, दिवसभराच्या तहानेनंतर, या घरातली अम्मी दोन घोट पाणी पिऊन पुन्हा तव्यापाशी जायची. बाकीचे दस्तरख्वानावर. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, तिलाही नाही.

यंदा तव्यापाशी मुलगा असतो. पहिल्या दिवशी अम्मी तीनदा उठली. चौथ्यांदा अब्बांनी तिच्यापुढे फळांची ताटली सरकवली, तेव्हा बसली. आतून मुलगा चमच्यात सॉस घेऊन आला.

‘चाखून सांग.’

‘मीठ कमी आहे,’ अम्मी म्हणाली आणि खजुराची बी ताटलीत ठेवून दुसरा खजूर उचलला.