यंत्रांच्या झुंजी (लेखांक ४) : आखाडा पुन्हा भरला

गेल्या आठवड्यात आपण १९९५ च्या सॅन फ्रान्सिस्कोत, ‘ब्लेंडो’ या रोबोपाशी थांबलो होतो. घुमटासारखं कवच, आत गवत कापायच्या यंत्राचं इंजिन, आणि कवच गरगरू लागलं की समोरच्या रोबोचे तुकडे कठडा ओलांडून बाहेर. पुढची लढत होऊ देणं धोक्याचं, म्हणून आयोजकांनी त्याला सहविजेता ठरवलं आणि स्पर्धेतून बाजूला केलं. तो बनवणारे जेमी हाइनमन पुढे ‘मिथबस्टर्स’मुळे जगभर ओळखले गेले. मार्क थॉर्प यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या या स्पर्धेतून रोबोंच्या झुंजींचा खेळ त्यानंतर टीव्हीवर गेला. ब्रिटनमध्ये १९९८ पासून बीबीसीवर ‘रोबोट वॉर्स’, अमेरिकेत २००० पासून कॉमेडी सेंट्रलवर ‘बॅटलबॉट्स’. अमेरिकेतला कार्यक्रम २००२ मध्ये थांबला. ब्रिटनमधला चॅनल फाइव्हवर गेला आणि २००४ मध्ये संपला.

पुढची दहा-बारा वर्षं टीव्हीवर सामसूम होती. मग २१ जून २०१५ ला एबीसी वाहिनीवर ‘बॅटलबॉट्स’ परतला आणि २४ जुलै २०१६ ला बीबीसी टूवर ‘रोबोट वॉर्स’. दोन्हीकडे जुनी नावं होती, जुन्या प्रेक्षकांची हुरहुर होती. ब्रिटनमध्ये तर सर किलालॉट, मटिल्डा, शंट आणि डेड मेटल हे कार्यक्रमाचे घरचे रोबोही नव्याने बांधून रिंगणात उभे केले होते. पण पहिल्याच काही लढतींत दिसलं की आत जे चाललं आहे ते जुनं नाही. लोखंड तेच, नियमही बरेचसे तेच, धडक मात्र भलतीच.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. एक म्हणजे कॅमेरे गेले तरी माणसं गेली नाहीत. ब्रिटनमध्ये रोबो बनवणाऱ्यांनी स्वतःची संघटना उभारली, सुरक्षेचे नियम लिहून काढले, आणि गावोगावच्या सभागृहांत लढती चालू ठेवल्या. अमेरिकेत २००४ पासून ‘रोबोगेम्स’ भरू लागले. घरच्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, पदरचे पैसे घालून लोक रोबो बांधत राहिले. या लोकांविषयी मला फार आदर वाटतो. पुनरागमनाचं श्रेय वाहिन्यांना दिलं जातं. माझ्या मते ते या गॅरेजवाल्यांचं आहे. २०१५ मध्ये निर्मात्यांनी हाक दिली तेव्हा कसलेले, पडून-झडून शिकलेले संघ तयार होते म्हणून कार्यक्रम उभा राहिला.

दुसरी गोष्ट बॅटरीची. नव्वदच्या दशकात रोबोत शिशाच्या जड बॅटऱ्या किंवा निकेल-कॅडमियमचे सेल असत आणि कार्बन ब्रश घासत फिरणाऱ्या मोटारी. वजनाची मर्यादा ठरलेली, त्यातला मोठा वाटा बॅटरीच खाऊन टाकी. पुढे रिमोटवरची विमानं, ड्रोन, विजेच्या सायकली यांच्यामुळे लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आणि ब्रशलेस मोटारी स्वस्त झाल्या. त्याच वजनात कितीतरी जास्त शक्ती मिळू लागली. वाचलेलं वजन बांधणाऱ्यांनी हत्यारात घातलं. चिलखतासाठी खाणकामात वापरतात तसं सहजी न झिजणारं पोलाद आणि टायटॅनियम यांचा वापर वाढला. संगणकावर आरेखन करून पाण्याच्या झोताने पत्रा कापून घेणं छोट्या संघालाही परवडू लागलं. बॅटलबॉट्समध्ये एका रोबोला २५० पौंड, म्हणजे साधारण ११३ किलो वजनाची मुभा आहे. ब्रिटनमध्ये ती ११० किलो होती. एवढ्या वजनाच्या दोन यंत्रांची टक्कर म्हणजे काय, हे नव्या पर्वाने पहिल्यांदा नीट दाखवलं.

फिरत्या पात्याचं गणित इथे थोडं सोडवून पाहू, कारण हा खेळ समजायचा तर ते टाळता येत नाही. पात्यात साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट केले की ऊर्जा चौपट. मग प्रत्येकाने पातं शक्य तितकं जोरात का फिरवू नये? एक कारण नियमातलं. बॅटलबॉट्समध्ये पात्याच्या टोकाचा वेग ताशी २५० मैल, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटरच्या पुढे नेता येत नाही. दुसरं कारण जास्त मजेदार आहे.

समजा, चकतीला समोरासमोर दोन दाते आहेत आणि ती मिनिटाला ३,००० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ५० फेरे, आणि एका जागेवरून सेकंदाला १०० दाते जातात. दोन रोबो एकमेकांकडे मिळून सेकंदाला ५ मीटर वेगाने धावले, तर एक दाता गेल्यावर दुसरा येईपर्यंत समोरचा रोबो ५ सेंटिमीटर आत येतो. म्हणजे दाता जास्तीत जास्त तेवढा खोल रुततो. आता फेरे ६,००० करा. ऊर्जा चौपट झाली, पण दाता रुतणार फक्त अडीच सेंटिमीटर. आणखी वाढवत गेलात तर दाता पोलादाला पकडतच नाही, नुसता घासून ठिणग्या उडवतो. प्रेक्षकांना ठिणग्या आवडतात. बांधणाऱ्याचा मात्र त्या पाहून जीव खालीवर होतो, कारण ठिणगी म्हणजे वाया गेलेला घाव. म्हणून पुष्कळ जण एकच दाता ठेवतात आणि चकतीचा तोल राखायला दुसऱ्या बाजूला वजन देतात. तेवढ्याच फेऱ्यांत रुतण्याची खोली दुप्पट होते. शिवाय चालकाने समोरच्यावर भरधाव जायला हवं, थबकत गेलं तर उपयोग नाही. हातातल्या रिमोटवरची हिंमत आणि कागदावरचं गणित इथे एकत्र येतात, आणि मला या खेळातली सगळ्यात सुंदर जागा हीच वाटते.

उभ्या चकतीला आणखी एक खोड असते. ती वेगात फिरत असताना रोबो झटकन वळवला की एका बाजूची चाकं जमिनीवरून उचलली जातात. वेगाने फिरणाऱ्या वस्तूला आपला अक्ष बदललेला खपत नाही, त्याचा हा परिणाम. अनुभवी चालक वळण्यापूर्वी चकतीचा वेग किंचित उतरवतो. पुन्हा लढत पाहाल तेव्हा हे जरूर पाहा.

एवढं सगळं असूनही सर्वांत विध्वंसक हत्यार दर वेळी जिंकतं असं नाही. २०१५ मध्ये अंतिम लढतीत ‘टूमस्टोन’ होता. त्याचा आडवा दांडा ज्याला लागला त्याचं काही शिल्लक राहत नसे. त्याला ‘बाइट फोर्स’ने हरवलं, आणि तेव्हा बाइट फोर्सकडे पातं नव्हतंच, धरून उचलणारा जबडा होता आणि रणगाड्यासारखे पट्टे होते. तो बांधणारे पॉल व्हेंटिमिग्लिया यांच्या संघाने २००९ मध्ये चंद्रावरच्या मातीसारखी माती उपसणाऱ्या यंत्राच्या स्पर्धेत नासाचं पाच लाख डॉलरचं बक्षीस मिळवलेलं. पुढे त्यांनी बाइट फोर्सला उभं पातं बसवलं आणि २०१८, २०१९ अशी आणखी दोन जेतेपदं घेतली. ब्रिटनमध्ये आडव्या दांड्याच्या ‘कार्बाइड’ची दहशत होती. २०१६ च्या अंतिम लढतीत त्याला ‘अपोलो’ने हरवलं. पुढचं पर्व कार्बाइडने जिंकलं, पण त्यानंतरच्या अंतिम फेरीत ‘इरप्शन’ त्याला भारी पडला. अपोलो आणि इरप्शन दोघेही उलथवणारे. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड एका क्षणात सोडून खालचं फावडं वर फेकायचं. कुस्तीतल्या हलक्या पण चपळ मल्लासारखं, खाली घुसून उचलायचं. दांड्याला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. त्याआधीच अंगाला भिडलं की निम्मी लढत मारली. म्हणूनच जमिनीला घासून चालणाऱ्या फावड्याच्या कडेवर संघ तासन्‌तास कानस मारत बसतात. एखाद्या मिलिमीटरने कोण कुणाच्या खाली जातो यावर निकाल फिरतो.

माझी या नव्या पर्वांबद्दल एकच तक्रार आहे. लढत तीन मिनिटांची. ती आपल्याला चारी बाजूंनी, संथ गतीतही दाखवतात. खरं नाट्य मात्र दुरुस्तीच्या टेबलावर घडतं आणि त्याच्या वाट्याला येतात चार-दोन दृश्यं. लढत संपली की आधी हत्यार लोखंडी दांडी घालून जाम करतात, वीज तोडणारी कडी काढतात, मगच रोबोला हात लावतात. फुगलेली बॅटरी वेगळी नेऊन ठेवतात, कारण लिथियमची आग सहजी विझत नाही. मग चॅसिस उघडायची. वाकलेला शाफ्ट ठोकून निघतो का, कंट्रोलर जळला की नुसती वायर निसटली, बेल्ट दुसरा आहे का? एकीकडे ग्राइंडर, एकीकडे वेल्डिंग, आणि पुढच्या लढतीची वेळ जवळ येत असते. अशा वेळी शेजारच्या टेबलावरचा संघ आपली मोटर काढून देतो, उद्या त्याच्याशीच लढायचं असलं तरी. ही या खेळाची जुनी रीत आहे, आणि ज्या मुलांना यंत्रांची ओढ आहे त्यांनी पाहावी ती हीच.

आपल्याकडे हे दृश्य पवईला पाहायला मिळतं. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये रोबोवॉरला तुडुंब गर्दी होते, परदेशी संघही येतात. तिथे रिंगणासाठी ताटकळणाऱ्यांनी थोडा वेळ दुरुस्तीच्या टेबलांकडे जावं. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं काळवंडलेल्या हातांनी हत्याराच्या ड्रमचं बेअरिंग बदलत असतात. वर्गात शिकलेला टॉर्क त्यांना इथे पहिल्यांदा हाताला लागतो.

बीबीसीने ‘रोबोट वॉर्स’ २०१८ मध्ये पुन्हा बंद केला. अमेरिकेत एबीसीने दोन पर्वांनंतर अंग काढलं, तेव्हा २०१८ मध्ये डिस्कव्हरीने बॅटलबॉट्स उचलला. तिथे बाइट फोर्सनंतर न्यूझीलंडच्या ‘एंड गेम’ने, मग ‘टँट्रम’ने आणि २०२३ मध्ये डोक्यावरून करवत आणणाऱ्या ‘सॉब्लेझ’ने जेतेपद मिळवलं. वाहिन्या येतील-जातील. पण आता बांधणाऱ्यांना त्यांची तेवढी गरज उरलेली नाही. अमेरिकेतल्या नॉरवॉकला ३, १२ आणि ३० पौंडांच्या रोबोंच्या लढती होतात आणि त्या थेट इंटरनेटवर दिसतात. ब्रिटनमध्ये तर १५० ग्रॅमचा, तळहातावर मावणारा वर्ग कितीतरी वर्षं चालू आहे. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने तिथूनच करावी. पैसे कमी लागतात, धोका कमी, आणि वर सांगितलेलं दात्यांचं गणित जसंच्या तसं लागू पडतं. पुढच्या लेखात असाच एक दीडशे ग्रॅमचा रोबो सुटा करून पाहू.