अर्धशिशीवरील औषध आणि दृष्टी : टोपिरामेटचा एक दुर्मिळ दुष्परिणाम

वारंवार उद्भवणाऱ्या अर्धशिशीला (मायग्रेन) प्रतिबंध करण्यासाठी जी औषधे दिली जातात, त्यांपैकी टोपिरामेट हे एक होय. हे मूळचे अपस्मारावरील औषध. अमेरिकेत १९९६ मध्ये अपस्मारासाठी, २००४ मध्ये प्रौढांच्या अर्धशिशीसाठी व २०१४ मध्ये १२ ते १७ वर्षे वयाच्या मुलांच्या अर्धशिशीसाठी त्यास मान्यता मिळाली. हातापायांना मुंग्या येणे, भूक मंदावणे, शब्द चटकन न आठवणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. डोळ्यांवरील परिणाम मात्र क्वचितच होतो. म्हणूनच तो ओळखण्यात चूक होण्याचा संभव असतो.

या दुष्परिणामात डोळ्याच्या आतील पटलांमध्ये द्रव साचून सूज येते. त्यामुळे भिंग व बुबुळ पुढे ढकलले जातात. भिंग पुढे सरकल्याने दूरचे एकाएकी अंधुक दिसू लागते. बुबुळ पुढे आल्याने डोळ्यातील पाणी बाहेर जाण्याचा कोन बंद होतो व आतील दाब वाढतो. यालाच कोन बंद होऊन होणारा काचबिंदू म्हणतात. हा त्रास बहुधा दोन्ही डोळ्यांना व औषध सुरू केल्यापासून पहिल्या महिन्यात होतो. नेहमीचा असा काचबिंदू चाळिशीच्या आत विरळा; हा मात्र तरुणांना व मुलांनाही होऊ शकतो. २००१ मध्ये उत्पादक कंपनीने डॉक्टरांना याबाबत सावध केले होते.

येथे दोन गैरसमज घातक ठरतात. फळा दिसत नाही म्हणून नवा चष्मा करणे हा पहिला. डोळा व डोके दुखते म्हणजे अर्धशिशीच उठली असे मानणे हा दुसरा. दाब तसाच राहिल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. वेळीच औषध थांबविल्यास दृष्टी बहुधा पूर्ववत होते. नेहमीच्या काचबिंदूत बुबुळाला लेसरने छिद्र पाडतात. येथे कारणच वेगळे असल्याने त्याचा सहसा उपयोग होत नाही. म्हणून नेत्रतज्ज्ञास औषधाचे नाव सांगणे अत्यावश्यक आहे.

अपस्माराच्या रुग्णाने मात्र हे औषध परस्पर बंद करू नये, झटके वाढण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

एखादा विद्यार्थी अचानक पुढच्या बाकावर येऊन बसू लागला, तर शिक्षकाने एवढेच विचारावे : “अलीकडे कोणते नवे औषध सुरू केले आहेस का?”