पावशाचं पिल्लू, सातभाईंचे कष्ट

उन्हं तापली की आमराईतून पावशा पक्ष्याचा ‘पेरते व्हा’चा धोशा सुरू होतो. तीन सुरांची हाक दर खेपेला चढत जाते, टिपेला पोचते आणि एकदम तुटते. चांदण्या रात्रीही पावशाला उसंत नसते. शेतकऱ्याला ही पेरणीची वर्दी वाटते. पावशाची मात्र ती विणीची लगबग असते. चातकासारखा तो पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून येत नाही. बहुतेक ठिकाणी तो वर्षभर इथंच असतो, थंडीत फक्त गप्प बसतो.

आवाज एवढा, पण पक्षी सहसा नजरेस पडत नाही. दिसला तरी शिक्रा वाटतो. राखाडी पाठ, पट्टेदार शेपूट, चार पंख मारून तरंगत जाणं, सगळं त्या शिकारी पक्ष्यासारखंच. छोटे पक्षी त्याला पाहून कालवा करतात. या सोंगाचा उपयोग काय, याचा एक पुरावा इंग्लंडमधून मिळाला. तिथल्या कोकिळाच्या पोटावरही ससाण्यासारखे पट्टे असतात. डेव्हिस आणि वेलबर्गन यांनी 2008 मध्ये दाखवून दिलं, की छोटे पक्षी या पट्ट्यांनाच घाबरतात.

पावशा घरटं बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते. सातभाईंची अंडी निळी, तिचंही निळंच. यजमानाची ही निवड मला विलक्षण वाटते. सातभाई थव्यानं राहतात आणि एका जोडीची पिल्लं सगळा थवा मिळून भरवतो. त्यामुळं परक्या पिल्लाला दोन नव्हे, अनेक चोचींतून घास मिळतो. घरट्यात सातभाईंचं स्वतःचं पिल्लू उरो न उरो, हे धिप्पाड पोर घरटं सोडल्यावरही थव्यामागं ओरडत हिंडतं आणि दमलेले पालक त्याला भरवत राहतात.

याला लबाडी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. जे केसाळ सुरवंट बहुतेक पक्षी टाळतात, ते पावशा आवडीनं खातो. गिळण्याआधी सुरवंट दाबून त्याची आतडी काढतो. पोटात गेलेल्या केसांची गोळी नंतर ओकून टाकतो. झाडांची पानं खाणाऱ्या अळ्यांवर असा पहारा फार थोड्यांचा असतो.

मात्र सातभाई नसतील तर पावशाची वीण अडचणीत येईल. म्हणून उन्हाळ्यात बांधावरची गर्द झाडं आणि जाळ्या तोडण्याआधी आत सातभाईंचं घरटं आहे का, तेवढं पाहा. असेल तर पिल्लं उडेपर्यंत कुऱ्हाड बाजूला ठेवा.