वडनेरची माती, बंगालच्या उपसागरात

पावसाळ्यात आंध्रच्या किनाऱ्यालगतचा समुद्र तपकिरी दिसला, की पाणी प्रदूषित झाले असे अनेकांना वाटते. तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण तो रंग बहुतांशी मातीचा असतो. तिला निलंबित गाळ (पाण्यात न विरघळता अधांतरी राहणारे बारीक कण) म्हणतात.

त्यात हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरचेही कण असू शकतात. जोराच्या सरीनंतर कपाशीच्या तासांतून वाहणारे काळपट पाणी ओढ्यानाल्यांतून वर्धा नदीत जाते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. वाटेतली धरणे बराच गाळ अडवतात, आणि ही चिंतेची बाब आहे: गाळाची भर थांबली की लाटा त्रिभुज प्रदेशाचा (नदीमुखाशी गाळाने बनलेली सखल जमीन) किनारा खाऊ लागतात.

मुखाशी नदीचे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर पसरते. दोन्ही मिसळू लागली की क्षारांमुळे मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. घागरीतल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर होते तसेच. चक्रीवादळात मात्र उथळ समुद्राचा तळ ढवळला जातो आणि बसलेला गाळ पुन्हा वर येतो, मग नदीला पूर असो वा नसो.

म्हणून नुसत्या रंगावरून निदान करू नये. शेतातून वाहून आलेल्या खतातले नायट्रेट पाण्यात विरघळते, त्याला रंग नसतो. ते नितळ पाण्यातही असू शकते.